सोळातले चार

आमच्या ऑफिसातून वस्तू जातात. पेनं जातात, चहाचे कप जातात, टँकरच्या टाकीतलं डिझेल तर जातंच. मी टँकरच्या खेपांचा मेळ घालणारा माणूस, त्यामुळे काय गेलं आणि कुणाच्या पिशवीतून गेलं हे मला साधारण ठाऊक असतं. बोलत नाही एवढंच. पण मशीनच्या पोटातून चार जीबी मेमरी गेली तेव्हा माझी अक्कल चालेना. ती न्यायची कुणी, आणि न्यायची कशात?

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गंजगोलाईच्या मागे दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. जिल्ह्यातल्या कुठल्या गावाला आज किती टँकर, ही यादी रोज सकाळी आमचं मशीन काढायचं. यादी निघाली की चिठ्ठ्या फाटायच्या, चिठ्ठ्या फाटल्या की टँकर हलायचे. जे गाव यादीत नाही, ते त्या दिवशी तहानलेलं. इतका सरळ कारभार होता.

यादीचा क्रम अंतराचा. पाणी भरायच्या जागेपासून जवळची ठिकाणं आधी, लांबची मागं. आमचे साहेब नरसिंगराव राहतात ती कॉलनी पहिल्या पाचांत. सर्वात शेवटी रेणापूर तालुक्यातली खडकवस्ती. आता खडकवस्तीहून लांब गावं जिल्ह्यात नव्हती असं नाही. पण अंतर काही नुसतं रस्त्यानं मोजत नाहीत, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या खडकवस्तीची पोरगी म्हणजे उत्पला सोनकांबळे, आमच्या मशीनची डॉक्टर. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली. बोलणं कमी, काम चोख आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप शर्टाची बटणं तपासावीत. तिची आई पंचफुलाबाई अजून वस्तीवरच राहायची. वस्तीची विहीर होळीलाच आटली होती. टँकर आला तर पाणी, नाही तर तीन कोस पायपीट.

उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी त्या वर्षी हवा होती. झाला नव्हता, पण नरसिंगरावांना सरकारच्या आधी तयार राहायची हौस. जिल्हा फुटेल त्या दिवशी यादीही फोडता यावी म्हणून त्यांनी नवं सॉफ्टवेअर आणवलं. त्याला मशीनचा कर्नेल नवा लागत होता. कर्नेल म्हणजे काय, हे मी उत्पलाला विचारलं होतं. ती म्हणाली, "मामा, मशीनचा कारभारी. मेमरी कुणाला किती द्यायची ते तोच ठरवतो." तिनं रविवारी जुना कारभारी काढला, नवा बसवला.

सोमवारी यादी मधेच तुटली. मशीननं सांगितलं, मेमरी पुरली नाही, म्हणून काम मारून टाकलं. 'मारून टाकलं' हा शब्द मशीनचाच, माझा नाही. यादीच्या शेपटाची पंधरा-वीस गावं गळाली. खडकवस्ती त्यात.

"मामा, सोळा जीबी होते," उत्पला म्हणाली. "आता बारा दिसून राहिलेत."

"शेवटचे कधी पाहिले होते?"

"हसू नका. आईच्या घरात आज एक घागर आहे."

मी हसायचं बंद केलं.

तिनं मशीन उघडलं. मेमरीच्या पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांचे पिवळे दात खोडरबरानं घासून पुन्हा बसवले. नरसिंगराव दारात उभे राहून म्हणाले, "लिंबू-मिरची पण आणवू का?"

"पंखा हलवा इकडं," ती म्हणाली.

गंमत अशी की मशीन सुरू होताना आधी स्वतःच मोजदाद करतं, त्यात सोळा यायचे. मग कारभारी गादीवर बसला की बारा. म्हणजे माल गोदामात होता, फक्त कारभारी त्याला हात लावत नव्हता. जुन्या कारभाऱ्याकडं परत जावं, तर जागा करायला तिनं तो पुसून टाकला होता. जादा मेमरी मागवावी, तर इतक्या जुन्या मशीनची पट्टी लातुरात मिळेना, पुण्याहून यायला आठवडा.

दुपारपर्यंत तिला सापडलं. कारभाऱ्याला गादीवर बसताना ज्या सूचना मिळतात, त्यांत एक ओळ होती: अमक्या जागेपासून चार जीबी बाजूला ठेव, हात लावू नको. ती ओळ शिवप्पांनी लिहिली होती.

शिवप्पा म्हणजे उत्पलाच्या आधीचे मशीनवाले. हे यादीचं सगळं काम त्यांनीच बसवलेलं. मागच्या पोळ्याला हार्ट अटॅकनं गेले.

"पण ते जाऊन इतके महिने झाले," मी म्हटलं. "मग मेमरी आत्ता का गेली?"

"त्यांनी ओळ लिहिली, पण लागू करायची कमांड दिलीच नाही. नवा कर्नेल बसवला की ती कमांड आपोआप चालते." मग ती म्हणाली, "म्हणजे मी लागू केली."

मेलेल्या माणसाचा हुकूम त्याच्या माघारी निघाला होता. खोलीत उकाडा मरणाचा, तरी मला पंखा जरा कमी करावासा वाटला.

"पट्टी खराब झाली असेल, म्हणून तेवढा तुकडा बाजूला ठेवला असेल," असं तिचं म्हणणं. तिनं चारही जीबी तपासले. एक डाग नाही. मग विनाकारण अडवलेल्या मालाचं जे करायचं तेच तिनं केलं. ओळ काढली, मशीन पुन्हा सुरू केलं. सोळाचे सोळा हजर. यादी धडधडत शेवटापर्यंत गेली. "आई, उद्या येतो टँकर," तिनं फोनवर सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा चहा घेतला.

मंगळवारी टँकर गेले. खडकवस्तीचाही गेला. संध्याकाळी चिठ्ठ्या माझ्याकडं परत यायला लागल्या. लिंबाजी ड्रायव्हरनं दोन टाकल्या. एक खडकवस्तीची. दुसरी मी उलटसुलट करून पाहिली.

"लिंबाजी, ही करडोळीची चिठ्ठी कुठनं आणलीस?"

"तुमच्याच मशीननं दिली की. लास्टला होती, खडकवस्तीच्या खाली."

"आणि तू गेलास?"

"गेलो तर. धरणाच्या आतच रस्ता उतरतो जुना. गाळ काढणाऱ्यांची पालं असतील म्हणलं." लिंबाजी उदगीरकडचा, त्याला ह्या भागाची माहिती नाही. "विहीर हाय तिथं बांधलेली. तिच्यात सोडलं पाणी. पर मामा, एक सांगू? अख्खा टँकर रिता केला, पाणी पडल्याचा आवाजच न्हाई आला."

"माणसं होती?"

"बायाच होत्या. घागरी घेऊन लाइनीत उभ्या. कुणी कुणाला ढकलंना, कुणी शिवी देईना. माझा नंबर, तुझा नंबर, काय बी न्हाई."

मला पहिल्यांदा खटकलं ते हेच. त्या उन्हाळ्यात टँकरभोवती भांडण नाही असं गाव मी ऐकलं नव्हतं. सख्ख्या जावा घागरीनं एकमेकींची डोकी फोडत होत्या.

"मग?"

"मग काय, घागरी भरून गेल्या. तिथं एक दाराची चौकट हाय, दगडी. भिंत न्हाई, छप्पर न्हाई, नुसती चौकट उभी. त्या दारातून गेल्या."

"आणि पलीकडं?"

लिंबाजीनं गमछ्यानं तोंड पुसलं. "मी पाइप गुंडाळून राहिलो होतो, मामा. पलीकडं न्हाई बघितलं."

चिठ्ठीवर पाणी मिळाल्याचा अंगठा होता. मंगळवारचं ऊन असं की कागद कडक होऊन वाजावा. त्या अंगठ्याभोवती मात्र कागद ओला होता.

करडोळी मला माहीत होती. मिसरूड फुटायच्या वयात मी तिथं एका लग्नाला जेवलोही आहे. पुढच्याच वर्षी धरणाची दारं बंद झाली आणि गाव पाण्यात गेलं. माणसं इकडं तिकडं पांगली. काही म्हातारी हललीच नाहीत म्हणतात. खरं-खोटं धरणाला ठाऊक. या दुष्काळात धरण तळाला गेलं, तसं गाव उघडं पडलं असणार.

उत्पलानं सगळं ऐकून घेतलं आणि गावांची नोंद उघडली. तिनं दोनदा शोधलं. "करडोळी नावाची नोंदच नाही, मामा."

"मग यादीत आली कुठून?"

तिनं तिसऱ्यांदा शोधायला लावलं.

बुधवारी करडोळी खडकवस्तीच्या वर सरकली आणि तीन खेपा मागून बसली. टँकर मोजकेच. वरच्याला गेले म्हणजे खालच्याला नाहीत. खडकवस्ती कोरडी राहिली. उत्पलानं मशीनला बजावलं की हे नाव आलं तर गाळ. गुरुवारी नाव आलंच नाही. यादीच्या मधोमध एक ओळ आली, गावाच्या जागी कोरी आणि पुढं खेपा सहा. चिठ्ठीवर नाव नव्हतं, तरी लिंबाजी करडोळीलाच गेला. खडकवस्ती पुन्हा कोरडी.

नरसिंगरावांना मी हे भीत भीत सांगितलं. ते म्हणाले, "चिठ्ठी निघते ना? अंगठा येतो ना? मग खेप झाली. बिलात अडचण काय?" भुताचंही बिल लावणारा माणूस पाहून मला जरा धीर आला, खोटं का बोला.

उत्पला मात्र फोनवर होती. पंचफुलाबाईंचा आवाज मला बाजूनंच ऐकू येत होता. "तीन कोस गेले गं, तिथली बी बोअर बंद. शेजारची गुणाबाई चक्कर येऊन पडली. उद्या येतो का टँकर, खरं सांग."

"सांगते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. मग मला म्हणाली, "मामा, शिवप्पांचं घर तुम्हाला माहीत आहे?"

त्याच दुपारी आम्ही एसटीनं नांदेडला गेलो. विष्णुपुरीला कॉलेजच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं घर. शिवप्पांची बायको, जगदेवी वहिनी, अंगणात सांडगे घालत होत्या. मला ओळखलं, उत्पलाला बसायला पाट दिला. उत्पलानं आडवळण न घेता विचारलं, शिवप्पांनी मेमरी बाजूला का ठेवली होती?

वहिनींना मेमरी कळली नाही, पण प्रश्न कळला.

"त्यांचं आजोळ करडोळी. आज्जी तिथंच ऱ्हायली म्हणायचे, निघालीच न्हाई. मशीनमधी गावं भरताना त्यांनी करडोळी लिवली. सायेब म्हणले, तिथं माणूस न्हाई, काढा. ह्यांनी काढली. त्या दिवसापासून ताटावर बसले की घास हातात. म्हणायचे, एकदा सरकारनं बुडवलं, आता मी पुसलं."

"मग?"

"आमच्याकडं विहिरीचा गाळ काढताना एक कोपरं सोडत्यात. पाण्यातल्या सात बायांचं, आसरांचं. कितीबी दुष्काळ पडू दे, तिथं खोरं लावायचं न्हाई. ह्यांनी मशीनमधी तसं कोपरं लिवलं. करडोळीसाठी. कुठंतरी असू दे म्हणले."

"लिहिलं, पण लागू नाही केलं," उत्पला म्हणाली.

"न्हाई केलं. मी म्हणलं, लिवलं तर देऊन टाका की. तर म्हणाले, द्यायला दोन मिंटं लागत्यात. पर एकदा दिलं की दिलं. माझ्यामागं कुणाला ठावं नसलं आणि त्यानं काढून घेतलं, म्हंजे? न दिलेल्याचं कुणी मागत न्हाई. दिलेलं काढलं की दारात येत्यात." वहिनींचा हात पिठात थांबला. "काढलं का काय कुणी?"

मी उत्पलाकडं पाहिलं.

"मी काढलं," ती म्हणाली. "आमच्याकडं आसरा नसतात, मावशी. छप्पन सालच्या दीक्षेपासून नाहीत."

"तुमच्याकडं नसतील, माय. पर काढलं तर तू, न्हाई का?"

वहिनी उठल्या. हात न धुताच आत गेल्या आणि कोपऱ्यातल्या रांजणावर झाकण ठेवलं. झाकणावर पाटा ठेवला. मग बाहेर येऊन पुन्हा सांडगे घालायला बसल्या. आम्हाला पाणी विचारलं नाही. मराठवाड्यात, उन्हाळ्यात, घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारणारी बाई मी तेवढी एकच पाहिली, आणि तिचा राग आला नाही.

परतीच्या एसटीत उत्पला खिडकीबाहेर बघत होती. लोह्याच्या पुढं गेल्यावर मी विचारलं, "तुला पटतं का हे?"

"पटायचं राहू द्या. आईला पाणी पाहिजे." मग बोटांवर मोजत म्हणाली, "चार त्यांना सोडले तर यादी शेवटाला पोचत नाही, वस्ती गळते. नाही सोडले तर ते वरून येऊन वस्तीच्या खेपा खातात. दोन्हीकडून आमचीच वस्ती."

"यादी अर्धी-अर्धी काढता येत नाही का?"

"टँकर सगळ्या गावांत मिळून वाटायचे असतात, मामा. अर्ध्या यादीत सगळे टँकर संपून जातील." तिनं खिडकी लावून घेतली. "पण मशीन मरतं ते शेवटाला मरतं. सुरुवात कुठनं करायची ते आपल्या हातात आहे."

मला कळलं. कळल्यावर हसू आलं. यादी उलटी लावायची म्हणजे खडकवस्ती पहिली आणि शेवटी, मशीन जिथं मान टाकेल तिथं, नरसिंगरावांची कॉलनी.

"साहेबांना विचारणार?"

"अंतराचा क्रम लावताना वस्तीला कुणी विचारलं होतं?"

शुक्रवारी सकाळी तिनं ती ओळ पुन्हा लिहायला घेतली. मी मागं उभा होतो. तिनं चार टाइप केला, पाहिला, खोडला. पाच टाइप केला.

"एक जास्त का?"

"मधले दिवस त्यांचं काढून घेतलं होतं ना," ती मान वर न करता म्हणाली, जणू मी दोन अधिक दोन विचारलं. मी सगळ्यांचा मेळ घालत फिरतो. त्या कोपऱ्याचा मेळ घालायचं मला सुचलं नव्हतं. नसणाऱ्या बायांना तिनं वरकड दिलं आणि एंटर दाबलं.

मशीन बंद झालं, सुरू झालं. स्वतःच्या मोजदादीत सोळा. कारभारी बसला, अकरा. मग तिनं यादीचा क्रम उलटा केला. ती यादी सुरू करायला निघाली तेवढ्यात पंखा आपसूक मंदावल्यासारखा वाटला. खोलीत ओल्या गाळाचा वास आला, धरणाकाठी येतो तसा, आणि विरला. तिनं नाकपुड्या आकसल्या. मीही. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

यादी निघाली. पहिली ओळ खडकवस्ती, दोन खेपा. मग रेणापूरकडची गावं, मग मुरुडकडची. करडोळी नाही. कोरी ओळही नाही. लातूरच्या वेशीपर्यंत आली आणि मशीननं काम मारून टाकलं. शहरातल्या वीस-पंचवीस कॉलन्या बाहेर, नरसिंगरावांची त्यांतच.

साहेबांच्या घरून फोन आला तसे ते वर धावत आले. "काय चाललंय? आमच्याकडं चिठ्ठी नाही?"

उत्पलानं सगळं सांगितलं. लपवलं काही नाही, घाबरलीही नाही. ओळ कुठं आहे, काढली की सोळा कसे येतात, हेही दाखवलं.

"मग काढ ती!"

"मी नाही काढणार, सर. एकदा काढलीय. तुम्ही काढा, दोन बटणं आहेत."

"उद्यापासून नको येऊस मग!"

"बरं," ती म्हणाली आणि खुर्ची रिकामी केली. ती नोकरी तिच्या घरातली एकुलती एक होती.

नरसिंगराव बसले. चष्मा लावला. ओळीपर्यंत पोचले. त्यांचं बोट बटणावर गेलं.

दारातून लिंबाजी आत आला. चिठ्ठीसाठी आला होता. सगळं ऐकत उभा राहिला होता. त्यानं खिशातून टँकरची किल्ली काढली आणि की-बोर्डशेजारी, साहेबांच्या बोटाजवळ ठेवली.

"हे काय?"

"दाबा साहेब, मी कुठं न्हाई म्हणतो? पर उद्याच्याला करडोळीची खेप तुम्हीच घेऊन जा. काल सहा केल्या मी. सहाव्या खेपेला त्या बायांनी मला नावानं हाक मारली. मी नाव सांगितलं न्हवतं."

पंखा फिरत होता. साहेबांनी किल्लीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी छताकडं पाहिलं. बिलात अडचण काय, असं विचारायचा मोह मी आवरला. आयुष्यात फार थोडे मोह आवरलेत, त्यातला तो एक.

त्यांनी बोट उचललं. चष्मा काढून पुसला, जो अजिबात मळलेला नव्हता. मग खिशातून मोबाइल काढून कुणा ओळखीच्या खाजगी टँकरवाल्याला लावला आणि बोलत बोलत जिना उतरून गेले. उद्यापासून येऊ नकोस, हे वाक्य त्यांनी परत घेतलं नाही आणि पुन्हा म्हटलंही नाही. अशा माणसाकडून तेवढंच पदरात पडतं.

उत्पला खुर्चीत बसली. पहिली चिठ्ठी तिनं स्वतः फाडली, लिंबाजीच्या हातात दिली. त्यानं ती किल्लीसोबत मुठीत धरली आणि पायऱ्या उतरला. खाली टँकर सुरू झाल्याचा आवाज आला, भरलेल्या टँकरचा, जड. तो वळून रेणापूर रस्त्याला लागेपर्यंत तिनं कान दिला. मग फोन लावला.

"आई," ती म्हणाली, "घागरी बाहेर काढ."